बांधातली खाच

तो बांध मी फोडला. हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही, आणि ज्यांच्यावर त्याचा आळ आला त्या शेजाऱ्यांपुढेही नाही. लिहून बघितलं तर इतकं छोटं वाक्य आहे, की एवढी वर्षं ते गिळून का बसलो असं वाटावं.

बांध म्हणजे काही धरण नव्हे. आमच्या घरामागे दलदल आहे. इथले लोक तिला बॉग म्हणतात. तिच्यातलं पाणी काढून टाकायला फार पूर्वी कोणीतरी चर खणले होते. त्यातला एक चर आम्ही गावातल्या लोकांनी मिळून, ओल्या काळ्या मातीचा कमरेइतका बांध घालून अडवला होता. पाणी साठावं, दलदल पुन्हा दलदल व्हावी म्हणून. त्या कामाचं महत्त्व गावाला सगळ्यांत जास्त कोणी सांगितलं असेल तर मी. आणि एका रविवारी दुपारी जाऊन त्याला खाच पाडून पाणी सोडून दिलं, तेही मीच.

मी अर्थशास्त्र शिकवतो. पुण्यात इंजिनिअर झालो, काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग संसाराची घडी बसलेली असताना सगळं सोडून डब्लिनजवळच्या मेनूथला पुन्हा विद्यार्थी म्हणून आलो आणि इकडेच राहिलो. माझा विषय साधा आहे. आपण ज्याला नफा म्हणतो, त्यातून नदी, हवा, माती यांचं झालेलं नुकसान वजा केलं तर हातात काय उरतं? आणि ते वजा न करता आपण इतकी वर्षं खुशीत कसे राहिलो? पहिल्याच तासाला मी मुलांना सांगतो, की कारखाना घाण पाणी नदीत सोडतो तेव्हा त्याचा खर्च वाचत नाही, तो खालच्या गावाच्या अंगावर पडतो. मुलं लिहून घेतात. मी ते मनापासून सांगतो. त्यात ढोंग नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

आधी आम्ही डून लेरीला भाड्याने राहायचो. समोर समुद्र, बायकोला ऑफिसला जायला दारात डार्टची लोकल गाडी. मुलगी झाल्यावर जागा पुरेना आणि तिथे घर घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून मेनूथच्याही पलीकडे, किल्डेअरच्या आतल्या भागात, दलदलीच्या काठचं हे घर घेतलं. पहिल्या आठवड्यात मला एक गोष्ट कळेना. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. हात नाही, फक्त तर्जनी, तीही जेमतेम. मी मागे वळून बघायचो, हा दाखवतोय कोणाला म्हणून.

"तुलाच दाखवतात," शेजारी म्हणाले. कुंपणावर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. "बोट उचललं म्हणजे तू इथला. नाही उचललं तर एक तर तू मेलास, नाहीतर त्यांच्यापुरता मेलास."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. माझ्या कानाला मात्र ते पहिल्या दिवसापासून मला 'तू' म्हणायचे आणि मी त्यांना 'तुम्ही'. वय सत्तरीच्या पुढे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लांब स्लायगोला राहणारी. आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि त्यामुळे अर्ध्या गावाला त्यांनी लहानपणी कधी ना कधी दम भरलेला. मोठा आवाज, मोठ्या गप्पा. हवामानाचा अंदाज रोज सांगायचे आणि तो रोज चुकायचा. चुकला की म्हणायचे, "मी बरोबरच होतो, पाऊस चुकला."

दलदलीतली माती इथे पिढ्यान्‌पिढ्या जळण म्हणून वापरत आलेत. हजारो वर्षं पाण्याखाली साचलेलं शेवाळ आणि गवत कुजून काळं झालेलं असतं, त्याच्या विटा कापायच्या, उन्हावाऱ्यात वाळवायच्या आणि थंडीत चुलीत घालायच्या. त्याला टर्फ म्हणतात. हल्ली जे कापतात ते यंत्राने. हाताने कापणारे आमच्या भागात शेजारी एकटेच उरले होते. त्यांच्याकडे त्याचं जुनं हत्यार होतं, श्लान. लांब दांड्याचं अरुंद फावडं, पण पात्याला एका बाजूने काटकोनात पंख फुटलेला. एका दाबात विटेच्या दोन बाजू गुळगुळीत कापल्या जातात.

आई पहिल्यांदा कोल्हापूरहून आली तेव्हा त्यांच्या अंगणात रचलेली टर्फची उतरंड बघून जागीच थांबली.

"आगं बया! ह्या तर शेण्याच की रं! आन् मला म्हनं लय पुढारलेला देश हाय."

मी शेजाऱ्यांना याचं भाषांतर करून सांगितलं. ते इतके हसले की डोळे पुसायला लागले. म्हणाले, "तुझ्या आईला विचार, तिकडे शेणावर अनुदान मिळतं का." मग आईला घरात नेलं आणि आपली शेगडी दाखवली. दुसऱ्या दिवशी आई पीठ घेऊन तिथे हजर. त्यांच्या शेगडीवर तिने भाकरी केली, शेवटी निखाऱ्यावर धरून फुगवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं अखंड बोलत होते. "लोणी आन म्हनावं त्यास्नी," आई म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी प्रेस उघडून लोणी काढलंसुद्धा. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आई अजून त्यांच्या कपाटाला प्रेसच म्हणते.

हे सगळं आधी सांगतोय, कारण मी ज्यांचं नुकसान केलं ते नुसते 'एक शेजारी' नव्हते. परक्या देशात माझ्या आईला चुलीपाशी जागा देणारा माणूस तो एकच.

गावात दलदल वाचवणाऱ्या लोकांचा एक गट होता. गटाच्या प्रमुख बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या आणि मायाळू. मी त्यात गेलो आणि लवकरच त्यांचा बोलका पोपट झालो. कोणी विचारलं, की या चिखलाचा उपयोग काय, की मला पुढे करायचे. मी सांगायचो: ओली दलदल आपल्या पोटात कार्बन धरून ठेवते, कोरडी केली की सोडत राहते. पूर आला तर पाणी पिऊन घेते. यातल्या कशाचंच बिल आपल्याला येत नाही, म्हणून आपल्याला ती फुकट वाटते.

अडचण एवढीच होती, की ज्या पट्ट्यात बांध घालायला हवा होता तिथला टर्फ कापायचा हक्क शेजाऱ्यांच्या घराण्याचा. त्यांना पटवायचं काम माझ्याकडे आलं. दोन हिवाळे मी त्यांच्या शेगडीपाशी बसून चहा प्यायलो.

"माझ्या आज्यापासून जाळतोय आम्ही," ते म्हणायचे. "आभाळ पडलं नाही."

"पडतंय. हळूहळू पडतंय म्हणून दिसत नाही."

"आणि डब्लिनकडे ती डेटा सेंटरं उभी राहतात, त्यांना कोणी जाऊन चहा पाजतं का? तुझ्या बायकोच्या कॉम्प्युटरला रोज किती टर्फ लागत असेल रे?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि त्यांचा प्रश्न आखूड होता. मी बिस्किट खायचो.

शेवटी त्यांनी हो म्हटलं ते माझ्या युक्तिवादामुळे नाही. "पाठ गेली म्हणून देतोय," त्यांनी बजावलं. "तुझ्या पृथ्वीसाठी नाही. गावात तसं सांगितलंस तर बघ." मग म्हणाले, "लहानपणी इथे कर्ल्यू ओरडायचे. लांब वाकड्या चोचीचा पक्षी. संध्याकाळी ऐकलं की आई म्हणायची, चला घरात. कधी बंद झाले कळलंच नाही. परत आले तर मला सांग."

त्याच दिवशी ते श्लान घेऊन आमच्याकडे आले. "मला आता याचा उपयोग नाही आणि घरात दिसलं की हात शिवशिवतात. तुझ्या शेडमध्ये टांग." शेडमध्ये माझ्या सायकलशेजारी खिळा ठोकून त्यांनी ते स्वतः टांगलं. ते माझ्याकडे आहे हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

बांध घातला तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी. सगळं गाव चिखलात. कोणी बादल्या देतंय, कोणी मातीची ढेकळं रचतंय, कोणी त्यावर उड्या मारून दाबतंय. शाळेच्या मुलांनी शेवाळाचे गुच्छ आणून मागच्या उथळ पाण्यात लावले. प्रमुख बाईंनी मोठ्या पातेल्यात सूप आणलं होतं. शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि सगळ्यांना चुका काढून दाखवत होते, त्यातल्या निम्म्या चुका नव्हत्याच. कोणी कोणाला पैसे दिले नाहीत, कोणी मागितले नाहीत. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, मी शिकवतो ते हेच, फक्त मला ते असं सांगता येत नाही.

मग पावसाळी हिवाळा आला. इथला हिवाळा ओलाच असतो, पण त्या वर्षी पाऊस थांबेचना. बांधामागे पाणी चढत गेलं ते आमच्या परसाच्या कडेपर्यंत. आणि एके सकाळी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मला ओल दिसली. काळपट, बोटाला गार लागणारी.

मराठी माणसाला ओल म्हणजे काय वाटतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आपण वास्तू बघताना आधी भिंतीला हात लावणारी माणसं. आई परत येणार होती, तिला दमा, आणि ती खोली तिचीच. मी बायकोला म्हटलं, पाणी खालून चढतंय. तिने विचारलं, "नक्की? कोणाला तरी बोलावून दाखवू या ना." मी म्हटलं, बघतो. माझ्या डोक्यात भूजलपातळीची आकृती तयार होती. मी वर्गात ती फळ्यावर काढतो. मला कोणाला दाखवायची गरज वाटली नाही.

आईचं कारण खरं होतं. पण ते पहिलं नव्हतं. पहिला विचार आला तो घराच्या किमतीचा. हे कोणी घेईल का आता? हप्ते फेडत फेडत शेवटी आपण एक चिखल विकत घेतला का? जो माणूस जगाला सांगत फिरतो की सगळ्याला किंमत लावू नका, त्याच्या मनात ओल बघून आधी भाव आला. हे कबूल करायला मला बांध फोडल्याच्या कबुलीपेक्षा जड जातंय.

गटाला सांगायला हवं होतं. बांधाला नळी बसवून पाणी हवं तेवढंच ठेवता येतं, हे मला ठाऊक होतं. पण मग सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं, की मी तुम्हाला जे पटवलं ते आता माझ्या घरापाशी आल्यावर मला नकोय. ते जमलं नाही. त्या रविवारी काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या संघाची, मॅच होती, गाव तिकडे गेलेलं. बायको मुलीला घेऊन वाढदिवसाला गेली होती. मी शेडमध्ये गेलो, हाताला जे फावडं लागलं ते उचललं. ते श्लान होतं. दुसरं कुठलं मागे पडलं होतं की काय, मी शोधलंही नाही. ओल्या मातीत ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बांधाच्या मधोमध वीतभर रुंद, दोन वीत खोल अशी खाच. पाणी आधी झिरपलं, मग धावलं. मला वाटलं होतं थोडी पातळी उतरेल, कोणाच्या लक्षात येणार नाही. पाण्याने ती खाच स्वतःच रुंद करत नेली. मी पाच-दहा मिनिटं बघत उभा राहिलो आणि मग घरी येऊन हात धुतले. श्लान तसंच खिळ्याला टांगलं.

त्या आठवड्यात गट तिथे गेला तेव्हा मागचं पाणी ओसरलेलं आणि मुलांनी लावलेलं शेवाळ लोंढ्याबरोबर चरात वाहून गेलेलं. वरच्या भागात मात्र माझ्या कापाच्या कडा शाबूत होत्या, गुळगुळीत, काटकोनात. प्रमुख बाई वाकून बघत राहिल्या.

"हे फावड्याचं काम नाही," त्या म्हणाल्या. "हे श्लानचं आहे."

बाकी कोणाला काही बोलावं लागलं नाही. श्लान एकाच माणसाकडे होतं. हक्क सोडल्याचा पश्चात्ताप झाला असणार, कोणीतरी म्हणालं. म्हातारपणी माणसं अशी होतात, दुसरं कोणी म्हणालं. मी तिथेच होतो.

चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये बैठक झाली. शेजाऱ्यांना बोलावलं होतं, ते आले, नेहमीच्या टोपीत. प्रमुख बाईंनी फार जपून विचारलं, की त्यांना याबद्दल काही सांगायचंय का. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना शेजाऱ्यांनी बसने शाळेत पोचवलं होतं. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं ते बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ नाही, कमीही नाही.

"मी तिकडे गेलो नव्हतो," ते म्हणाले.

"मग कोण गेलं असेल, काही कल्पना?"

"मॅच होती ना त्या दिवशी. मी घरी टीव्हीवर बघत होतो. हरलो आपण."

एवढंच. लोक खाली बघत होते. मी उठून दोन वाक्यं बोलायचा अवकाश होता. माझी जीभ टाळूला चिकटली वगैरे काही नाही, तोंड व्यवस्थित चालत होतं. बैठक संपल्यावर मी खुर्च्या आवरायला मदत केली, कोणाला तरी परीक्षांबद्दल काही बोललोही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या शेडपाशी आले. मी दार उघडलं. श्लानच्या पात्यावर आणि पंखाच्या कोनात काळी माती वाळून चिकटली होती. त्यांनी ते खिळ्यावरून काढलं, खिशातून फडकं काढलं, माती खरवडून पुसली. माझ्या सायकलच्या तेलाची बाटली मागितली, मी दिली. पात्याला तेल लावलं. पुन्हा जागेवर टांगलं.

"वापरल्यावर पुसून ठेवावं," ते म्हणाले. "गंजतं."

आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात बांध दुरुस्त झालेला दिसला. खाच मातीने भरून, वरून गवताची पालथी ढेकळं बसवून, पायाने दाबून पक्की केलेली. कोणी केलं ते गटाला कळलं नाही. प्रमुख बाई म्हणाल्या, आपल्यातल्याच कोणीतरी केलं असेल. मी मात्र पहाटे खिडकीतून पाठीला हात लावून, दर चार पावलांवर थांबत दलदलीकडून परतणारी ती टोपी बघितली होती. पाठ गेलेल्या माणसाने, ज्याचा या सगळ्यावर विश्वासही नव्हता, माझी चूक बुजवली.

गाव वाईट नव्हतं. त्यांना कोणी काही बोललं नाही, दुकानात कोणी तोंड फिरवलं नाही. फक्त बोटं थांबली. मी त्यांच्या गाडीत शेजारी बसलेला असताना एकदा बघितलं. समोरून प्रमुख बाईंची गाडी आली. शेजाऱ्यांनी बोट उचललं. पलीकडचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. मग दुसरी गाडी, तिसरी. ते मात्र दर वेळी उचलत होते. मला म्हणाले, "आज पाऊस नाही येणार." आला.

ते आमच्याकडे यायचेही कमी झाले. मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इथल्या हेलाच्या इंग्रजीत देते. तिने जेवताना विचारलं, "बाबा, व्हाय डझण्ट ही कम इन एनी मोअर?" मी म्हटलं, पाठ दुखते त्यांची.

आई आली. खोलीतली ओल होती तशीच होती. आईने पहिल्याच सकाळी खाटेवर पडल्यापडल्या वर बघितलं.

"आरं, ही वल खालनं न्हाई चढत. वरनं उतरतीया. बघ की, वरलं कोपरं जास्त काळं हाय."

बायको शिडी लावून चढली. छपराच्या कडेच्या पन्हळीत पानं अडकून गच्च झाली होती, त्यात एक टेनिसचा चेंडू. ती वरूनच हसत ओरडली, "अहो प्रोफेसर! तुमची भूजलपातळी इथे आहे!" आणि चेंडू माझ्याकडे फेकला. आई हसली, मुलगी हसली, मीही हसलो. त्या चेंडूपासून माझी आजही सुटका नाही. दलदलीने माझं काहीच बिघडवलं नव्हतं.

त्या वर्षी मी वर्गात कारखाना आणि नदीचं उदाहरण दिलं नाही, दुसरं काहीतरी दिलं. पुढच्या वर्षी मुकाट्याने पुन्हा सुरू केलं. आमच्या शास्त्रात पुढे द्यायच्या गोष्टीचं आजचं वजन कमी धरतात. जितकं लांब, तितकं हलकं. उद्या सांगू, पुढच्या बैठकीला सांगू, त्यांची तब्येत सुधारली की सांगू, असं मी करत राहिलो ते बहुधा त्याच सवयीने. पण हे हलकं झालं नाही. दर वर्षी 'मग तेव्हाच का नाही बोललास' हा प्रश्न त्यात भरत गेला.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांना घरातच पक्षाघाताचा झटका आला. माझ्या बायकोने बघितलं, तिनेच अँब्युलन्स बोलावली. नंतर लेकीने त्यांना स्लायगोला नेलं. डाव्या हातात जोर नाही, जिभेत अजून आहे. या वसंतात मी त्यांना भेटायला गेलो, आईने पाठवलेली चटणी घेऊन. मनाशी ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"बांध कसा आहे?" त्यांनीच सुरुवात केली.

"पक्का आहे. पाणी वर्षभर टिकतं. सगळीकडे शेवाळ आलंय, लाल, हिरवं. गेल्या उन्हाळ्यात पांढरं बोंडगवत डोलत होतं."

"ग्रँड. कर्ल्यू?"

"नाही अजून."

"मग तुझं अर्थशास्त्र अजून कच्चं आहे." बोटाने चटणी चाखून बघितली, डोळ्यांत पाणी आलं. "जीझस. तुझी आई माणसं मारायला पाठवते का हे?"

मी हसलो आणि तेवढ्यात म्हणून टाकलं, "त्या बांधाचं मला तुम्हाला काही..."

त्यांनी उजवा हात वर केला, बस थांबवल्यासारखा.

"मला ठाऊक असलेली गोष्ट मला सांगून काय मजा? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग." मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "तिकडून भेटायला कोणी आलं नाही, बरं का. तुझ्याशिवाय कोणी नाही."

तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी ज्या देशात आलो त्याने मला खूप दिलं. नोकरी, घर, मुलीला तिची बोली, आईला भाकरीपुरता विस्तव. घरामागची दलदल रोज काही ना काही देते आणि बिल पाठवत नाही. आज सकाळी धुकं उठताना पाण्यावर आभाळ उतरलेलं होतं आणि कुठूनतरी पाणलाव्याचा आवाज आला, कर्ल्यू नव्हे, पण आवाज तरी आला. तो बांध उभा आहे तो ज्यांनी माझी खाच बुजवली त्यांच्यामुळे. इतकी वर्षं मी त्यांच्या गप्प राहण्याच्या छायेत बसून या सगळ्याबद्दल कृतज्ञ होत आलो, आणि मला ती कृतज्ञता खरीच वाटते. पण ती फुकट नव्हती. तिची किंमत स्लायगोतल्या एका खिडकीपाशी कोणीतरी मोजत होतं.

हे मी मराठीत लिहितोय हे माझ्या लक्षात आहे. त्या हॉलमधल्या एकालाही हे वाचता येणार नाही, आणि हे लिहायला मला म्हणूनच सोपं गेलं असणार. बायकोला येईल. तिला हे उद्या वाचायला देईन. तिने चेंडू फेकला होता तेव्हा मी का हसलो, तेही तिला कळेल.

माझ्याकडे बाकी आहे ते एवढंच: त्या हॉलमध्ये उभं राहून, प्रमुख बाईंसमोर आणि बाकीच्यांसमोर, त्यांच्या भाषेत सांगायचं, की बांध मी फोडला, आणि खाच बुजवली ती शेजाऱ्यांनी. ते मी अजून सांगितलेलं नाही.